पाटलिणीचा चौथा पाय

दहिसर पूर्व
१२ नोव्हेंबर २०२४

शेवंते, जयभीम.

नाही गं बाई, मेली नाही. आणि रिक्षावाल्याला मी मारलंही नाही, नुसती कॉलर धरली. विशालनं तुला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे. मुलगा माझा असला तरी तिखटमीठ लावायच्या बाबतीत आत्यावर गेलाय.

फोन करू नकोस. तुझं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं, मग मी ओरडते, मग अख्ख्या बी विंगला वाटतं सोनूबाई नणंदेशी भांडतेय. आपलं पत्र बरं. शाळेत मास्तरांनी पत्रलेखनाला मला दहापैकी नऊ दिले होते आणि तुला चार. नऊचा उपयोग कधी करायचा, मेल्यावर?

तुझी शेजारीण तुझ्या खांद्यावरून वाचत असेल, तिच्यासाठी पहिल्यापासून सांगते. पाटलीण म्हणजे माझी मांजर. पांढरी, गुबगुबीत. हाक मारली तर मान वळवणार नाही, पण दुसऱ्याच्या ताटात काय आहे ते आधी बघणार. लहानपणी आपण दोघी तांब्या घेऊन पाटलिणीच्या ओसरीखाली ताकासाठी ताटकळायचो ना, तेव्हाच ठरवलं होतं, एक दिवस पाटलीण माझ्या दारात दुधासाठी ओरडेल. ओरडते. रोज ओरडते.

तर ही बया बिल्डिंगखाली उभ्या रिक्षाच्या चाकाला टेकून झोपली होती. अख्खं दहिसर मोकळं, पण बाईंना गरम टायर हवा. रिक्षावाल्यानं न बघता रिक्षा मागं घेतली आणि डाव्या मागच्या पायाचा पापड. चौथ्या मजल्यावर मला आवाज आला. वरच्या अनुपमानं गाडी काढली, मी पाटलिणीला विशालच्या जुन्या शर्टात गुंडाळलं आणि गेलो कांदिवलीला. तिथं जनावरांची डॉक्टरीण आहे, रेवती नावाची. वयानं पोर, पण हात असा की पाटलिणीनं बोचकारलं तरी हलला नाही.

एक्स-रे उजेडाला धरून म्हणाली, "आजी, हाडाचा चुरा झालाय. खाली रक्तच पोचत नाहीये. पाय काढावा लागेल."

मी म्हटलं, "काढ की. परत कधी बसवणार?"

"बसवत नाही आजी. कायमचा."

"मग तिला राहिले किती?"

"तीन."

"आपण दोनावर काढतोय की दिवस. काढ."

मी आपली ऐट दाखवली गं. बाहेर येऊन बाकावर बसले ती अनुपमानं ओढून उठवेपर्यंत उठले नाही. पाय नाही काढला तर सडून जीव जाईल, रेवती म्हणाली. काढला तरी भूल दिल्यावर उठेलच असं लिहून देत नाही म्हणाली. उद्या सकाळी ऑपरेशन आहे.

तुझ्या भावाचं वर्षाचं पुण्यानुमोदन झालं की पिंपळवाडीला येते, कायमची येते, असं म्हणाले होते. आठवतंय मला, तू आठवण करून देऊ नकोस. पण आता हिला या दशेत कुठं टाकू? जरा पुढं ढकल.

तुझी सोनू


पिंपळवाडी
२१ नोव्हेंबर

सोनू वैनीस शेवंतीचा जयभीम.

मांजराला आपरेशन? गावात तीन पायाची तीन कुत्री हाईत, एकाचंबी आपरेशन झालेलं न्हाई. आपलंआपलं गळून पडलं आन ती लागली पळायला. मुंबईची मांजरं लाडाची.

बरं ते जाऊ दे. जगली का ते पैलं कळव. आन त्यो पाय कुठं टाकला? नीट पुरायला सांग. उघड्यावर टाकला तर ती जन्मभर हुडकत फिरंल, आमची आजी सांगायची.

मी तुला बोलते, पण तुझं मन मला कळतंय सोने. ती दादाची मांजर. दादा फोनवर सारखा तिचंच काढायचा, "मांजरानं आज दूध सांडलं, मांजर आज पायात आली." जीव असल्याबिगर माणूस येवढं बोलंल का? दादा गेला, आता त्याची तेवढीच खूण राहिली, म्हणून तू धडपडतीस. मी समदं वळखून हाय.

इकडं तुझी खोली रंगवून घेतली. पिस्ता कलर. माझ्या लेकानं, कुंडलिकनं, पुण्यासनं सागवानी पलंग धाडलाय, तुझ्यासाठी. दोघी म्हाताऱ्या त्यावर लोळत पडू. मांजराला बी घिऊन ये, मी काय खाती का तिला.

तुजी शेवंती

ता.क. मास्तरानं मला सहा दिले होते. चार न्हाईत.


दहिसर
५ डिसेंबर

शेवंते, चारच होते. वही अजून डोळ्यांपुढं आहे.

पाटलीण जगली! भुलीतून उठली आणि पहिलं काम काय केलं, तर डॉक्टरणीच्या मदतनिसाला चावली. रेवती म्हणाली, "चावली म्हणजे उत्तम."

घरी आणली तर ओळखू येईना. अर्धी भादरलेली, सोललेल्या कोंबडीसारखी, मागं टाक्यांची ओळ आणि गळ्यात प्लास्टिकचं हे एवढं नरसाळं. टाके चाटू नये म्हणून ते घालतात. ते नरसाळं घेऊन ती दाराला धडकायची, कपाटाला धडकायची, आणि धडकली की माझ्याकडं असं बघायची जसं मीच कपाट मधे आणून ठेवलंय.

पाय पार मांडीच्या वरून काढलाय. मी म्हटलं होतं, गुडघ्याखालचा काढ, वरचा राहू दे बिचारीला. तर म्हणाली, "अर्धा ठेवला तर ती तो टेकवायला बघणार आजी, आपटून आपटून जखम करून घेणार. अर्धवटापेक्षा नसलेला बरा." पोरगी हुशार आहे.

पहिल्यांदा उभी राहिली ती डाव्या अंगावर धपकन पडली. मी धावले. रेवतीनं ताकीद दिली होती, उचलू नका, तिचं तिला जमू दे. फरशीवरून घसरते म्हणून मी सगळ्या घरात गोधड्या अंथरल्यात. आता घर म्हणजे बारशाचा मांडव वाटतो.

बिल्डिंगमधली माणसं भेटायला येतायत. खरंच सांगते, सांत्वनाला. चेहरा पाडून बसतात, "कसं झालं हो? काय वय होतं?" पायाचं वय विचारतात! तुझा भाऊ गेला तेव्हा चहा पिऊन गेले होते, आता येताना बिस्किटं घेऊन येतात. ए विंगच्या काकू डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, आता तिचं पुढं कसं व्हायचं? तेव्हा पाटलीण त्यांच्या पिशवीत डोकं घालून नरसाळ्यासकट अडकली होती. तिला स्वतःला काही दुःख आहे असं मला तरी दिसलं नाही.

एकच गोष्ट बघवत नाही. डाव्या कानाला खाज आली की ती डोकं वाकडं करते, डोळे मिटते, आणि जिथं पाय नाही तिथलं मांस थडथड हलतं. तिला वाटतं खाजवतेय. मग मी नरसाळ्यात हात घालून कान खाजवते. तिला वाटतं आपणच खाजवला. वाटू दे.

तुझा पाय पुरायचा निरोप मी रेवतीला दिला. ती म्हणाली, तो पिवळ्या पिशवीतून जाळायला गेला. म्हणजे रीतसर झालं. आता म्हणशील तर विहारात सांगून पायाचं पुण्यानुमोदन घालते. बौद्धाचार्य विचारतील, मयताचं नाव? मी सांगेन, डावा मागचा.

तुझ्या भावाचा हिच्यावर जीव होता म्हणशील तर... आता तूच म्हणतेस तर मी काय बोलू.

टाके निघेपर्यंत प्रवास नाही, असं डॉक्टरीण म्हणते.

सोनू


पिंपळवाडी
१९ डिसेंबर

सोने,

पायाचं पुण्यानुमोदन! हसून हसून माझी कवळी पडली. शेजारणीला वाचून दाखवलं तर ती म्हणती, तुमची वैनी जरा येडी हाय का? मी म्हणलं, जरा न्हाई.

पर कानाचं वाचलं आन पत्र मिटून ठिवलं. तिला म्हणावं हिकडं ये, दोघी मिळून खाजवू.

एक इचारायचं राहिलं. ती उडी मारती का? पलंग उंच हाय. सागवानी हाय ना, मोठा केलाय. तिला तुझ्यापाशी झोपायची सवय असंल तर कसं करायचं? खाली जमिनीवर ठिवली तर आमच्या हितं विंचू निघत्यात. नीट कळव, तशी सोय करते.

टाके कवा निघणार?

शेवंती


दहिसर
१४ जानेवारी २०२५

शेवंते,

टाके निघाले. नरसाळं गेलं. केसही येतायत, पण डाव्या बाजूला जरा करडे. बाईंना वयाचं उशिरा कळलं.

पण उडी विचारशील तर काही खरं नाही. फार अवघड आहे गं. मागचा एकच पाय, त्याच्यावर जोर कसा देणार? कॉटपाशी उभी राहून वर बघते, बिचारी. मलाच उचलून घ्यावी लागते. तुझ्या त्या सागवानी पलंगावर तर तिचं काय व्हायचं? रेवती म्हणते, उंच ठिकाणांपासून सांभाळा आणि वजन वाढू देऊ नका. तीन पायांवर चार पायांचं वजन पेलायचं म्हणजे हाल. म्हणून सध्या दूध बंद. ती मला शिव्या घालते, मी तिला घालते.

बाकी इथं काय? विशाल रविवारी येऊन जातो, एरवी मी आणि पाटलीण. सकाळी उठावंसं वाटलं की उठते. विहारातल्या बायकांबरोबर गोराईला जाऊन आले, पाण्यात उभी राहून कलिंगड खाल्लं. संध्याकाळी अनुपमा येते, आम्ही टीव्हीवर खुनाच्या मालिका बघतो. परवा स्वयंपाकच केला नाही, कॉटवर बसून पाणीपुरी खाल्ली. कॉटवर! काल ओट्यावर ताटलीत तळलेले बोंबील झाकून ठेवले होते, त्यातले चार गेले. कुणी नेले काही कळलं नाही.

तर मांजराचं हे असं आहे. अजून थोडे दिवस कळ काढ.

तुझी
सोनू


पिंपळवाडी
९ फेब्रुवारी

सोनू वैनी,

सोय झाली. सुताराला बोलिवलं आन पलंगाचे पाय कापून घेतले.

सुतार म्हणला, मावशी, नव्या सागवानाला करवत लावायला माझा हात धजत न्हाई. मी म्हणलं, आमच्या घरात पाय कापायची साथ आलीया, तू काप. ईतभर ठिवलेत. आता मांजर काय, उंदीर बी चढून बसंल. माझी मातूर पंचाईत झाली. काल बसून बघितलं तर उठायला येईना. शेजारणीनं ओढून काढली, तवा दोघी बी परत पलंगावर पडलो. तुझे गुडघे कसे हाईत ते कळव. भिंतीला दोर बांधून घेते, धरून उठायला.

पुरणाची डाळ भरून ठेवली. दोन उश्या शिवल्या. सांजच्याला हल्ली मी उगा दोन ताटल्या काढते आन मग एक परत ठिवते. सवय करून बघती आपली.

चौदा एप्रिलला जयंती. ह्या साली मिरवणुकीत बायांचं लेझीम हाय. तवापातुर ये. मी समद्यांना सांगून ठिवलंय, दादाची सोनू येणार म्हणून.

शेवंती


दहिसर
२ मार्च

शेवंते,

अगं पलंगाचे पाय कुणी कापतं का! तुला मास्तरांनी चार दिले ते उगाच नाही.

दोर नको बांधू. उन्हाळा फार आहे यंदा. मांजराला एसटीत घेतील की नाही तेही बघायला हवं. आणि रेवती म्हणत होती एकदा परत दाखवून जा. मी सविस्तर नंतर लिहिते.

लेझीम खेळताना कंबर सांभाळ.

सोनू


पिंपळवाडी
२७ मार्च

सोनूबाईस,

विशाल येऊन गेला. लग्नाला आलता ह्या अंगाला, म्हणून आत्याकडं डोकावला. पलंग बघून म्हणला, "आत्या, ह्याचे पाय कुठं गेले?" मी सांगितलं, तुझ्या आईच्या मांजरासाठी. त्यो हसायला लागला. लई हसला. म्हणला, "ती? ती संक्रांतीपासनं फ्रिजवर बसती. खिडकीच्या जाळीला लोंबकळून पाल धरती. तिला तीन पाय हाईत हे फकस्त तिला कुणी सांगितलं न्हाई."

मला त्याच्यापुढं काय तोंड करावं कळंना. म्हणलं, हां, मला म्हाईत हाय, मी माझ्यासाठीच कापले, मला उंच सोसत न्हाई.

सोने, आपण एका पाटीवर शिकलो. तुला माझ्या भावाच्या घरात मी आणली. आई नगो म्हणत हुती, पोरगी लई बोलती म्हणत हुती, मी दोन दिस जेवले न्हाई तवा आई तयार झाली. मला खोटं का बोललीस?

मी लई इचार केला. मला वाटतं तुझा त्या घरातनं पाय निघत न्हाई. दादा तिथं ऱ्हाईला, तिथंच गेला, त्याची खुर्ची तिथं, त्याची मांजर तिथं. तुला ते सोडवत न्हाई आन मला सांगवत बी न्हाई. तसं असंल तर येवढंच लिही, "होय, तसं हाय." मी फुडं एक शबूद बोलणार न्हाई. पलंगावर मी झोपंन. माझ्या भावासाठी कुणी येवढं करतंय म्हणल्यावर मला राग कशाचा?

पर काय ते सरळ लिही.

शेवंती


दहिसर
६ एप्रिल २०२५

शेवंते,

"होय, तसं आहे" एवढंच लिहिलेलं कार्ड परवा तयार होतं. तिकीट लावलं, पत्ता घातला, खाली पेटीपर्यंत गेले. पेटीत टाकायला हात उचलला आणि परत वर आले. अनुपमा म्हणाली, काय हो, लिफ्ट बंद होती का? म्हटलं, नाही, मीच बंद पडले.

तू एवढी सोपी वाट काढून दिलीस गं. चार मार्कांची पोर आणि असं पत्र लिहिलंस की नऊवालीनं तीन कागद फाडले. पण तू तुझ्या भावाच्या नावानं त्या बुटक्या पलंगावर झोपशील, आणि मी इथं पाणीपुरी खात बसेन, हे मला काही गिळवेना.

मग ऐक. विशालला काही बोलू नकोस, तो खरं बोलला. पाटलीण फ्रिजवर बसते. मला तेव्हाच कळलं होतं. उडी मारते, थोडी वाकडी जाते, मधे एकदा ओट्याला टेकून पुन्हा वर. रेवतीनं जानेवारीतच सांगितलं होतं, आजी, ही आता ठणठणीत आहे, कुठंही न्या. बोंबीलही तिनंच खाल्ले.

आणि ती तुझ्या भावाची मांजर नाही. त्याला मांजर सहन व्हायची नाही. फोनवर तुला सांगायचा ती तक्रार असायची. दारात दिसली की तो चप्पल भिरकावायचा. मी जिन्यात जाऊन, मागं बघत, तिला गुपचूप भाकरी घालायचे. घरात ती आली तो गेल्यावर. तू म्हणालीस दादाची खूण, आणि मी गप्प बसले, कारण त्या खुणेच्या आड मला छान लपता येत होतं.

तो वाईट नव्हता, ते आधी लिहिते. दारू नाही, बाई नाही, हात कधी उगारला नाही. विशालला शिकवलं. पण घरात असायचा. रिटायर झाल्यापासून सतत असायचा. खुर्चीत बसून पाणी माग, मग पाणी कोमट का विचार. मी खिडकीत उभी राहिले तर कुणाला बघतेस. हसले तर काय झालं हसायला. मी ओट्याशी उभी राहून जेवायचे, त्याला वाढताना मधे उठायला नको म्हणून. तुझी सोनू, जी शाळेत मास्तरांची नक्कल करायची, ती घरात हळू आवाजात बोलायची. तुला हे कधी सांगितलं नाही, कारण त्या घरात मला आणायला तू दोन दिवस उपाशी राहिली होतीस.

तू चांगली आहेस. तुझा राग करायला मला कारण नाही, तुझी पिस्ता खोली मला बघायची आहे. मे महिन्यात आठ दिवस येते, पाटलिणीला घेऊन. आपण दोघी त्या पलंगावर पडू आणि शेजारीण उचलेल. नाहीतर तूच ये इकडं. पण राहायला मी येणार नाही. या जयंतीला नाही, पुढच्याही नाही. तिथं कुणी मला त्रास देणार म्हणून नाही. मला इथं एकटीलाच राहायचंय म्हणून.

तुला बोलायचं असेल ते बोल. पत्र लिहायचं बंद केलंस तरी मी लिहीत राहीन. गावात सगळ्यांना सांग, सोनू नवऱ्याच्या आठवणीनं येत नाही. त्यांना ते चालेल. तुला मात्र खरं सांगते.

तुझा भाऊ गेला तेव्हा मी रडले ते चार लोकांत रडावं लागतं म्हणून. सगळे गेले, मी दार लावलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा बसून, गरम गरम जेवले. मला सुटल्यासारखं वाटलं, शेवंते. अजून वाटतं.

सोनू